मागचा दिवा

माझ्या सासूबाई सायकल चालवतात हे ऐकलं की लोकांना गंमत वाटते, आणि मला त्या गमतीचा राग येतो. हसण्यासारखं काय आहे त्यात? बाळाबाई, सासूबाईंना मी आत्याच म्हणते, वळसंगच्या बाजूला नर्स होत्या. लसीचा डबा कॅरिअरला बांधून, पदर कमरेला खोचून, वाड्यावस्त्यांवर सगळी नोकरी त्यांनी सायकलवरच केली. रिटायर झाल्या, घरात बसल्या, आणि गुडघे आखडायला लागले. तेव्हा मीच माझी जुनी रोड बाईक सीट खाली करून त्यांच्या हातात दिली. ते खाली वळलेलं हँडल बघून, सायकलीला बोकडाची शिंगं कुणी बसवली, असं त्यांनी विचारलं होतं. महिन्याभरात त्या आमच्या ग्रुपमध्ये आल्या आणि बोलायला लागल्या की कुणालाच ऐकेनात.

ग्रुप म्हणजे आम्ही पाच जण. जोतिराम सर, कॉलेजात ग्रंथपाल आहेत, ते आमचे म्होरके. रत्नदीप आणि चैताली हे नवरा-बायको, दोघंही बँकेत. मग मी आणि आत्या. माझा नवरा अजिनाथ कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे, त्याला सायकल म्हटलं की झोप येते. पण दर रविवारी आम्ही चहाला थांबलो की त्याचा फोन यायचाच, आणि तो बायकोची नाही, आईची चौकशी करायला.

माझं आणि आत्यांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. सीटखाली लाल लुकलुकणारा दिवा असतो ना, मागून येणाऱ्या गाडीला दिसावा म्हणून, त्यावरून. सरांचा नियम होता की सायकल रस्त्यावर आहे तोवर दिवा चालू. आत्या तो पाळायच्या, पण सायकल थांबली रे थांबली की त्यांचा हात मागे जायचा आणि दिवा बंद. रेल्वेचं फाटक लागलं, बंद. पाणी प्यायला पाय टेकला, बंद. मागे न बघता त्यांच्या बोटाला ते बटण बरोबर सापडायचं. मी ओरडायचे की आत्या, हा चार्जिंगचा आहे, ह्याला सेल लागत नाहीत, राहू दे की चालू. त्या म्हणायच्या, थांबल्यावर दिवा कशाला जाळायचा? रॉकेलच्या चिमणीवर शिकलेली बाई, त्यांच्यापुढं मी काय डोकं फोडणार.

एकदा वळसंगच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं आणि त्या सपशेल आपटल्या. कोपर सोललं, गुडघ्यातून रक्त. मी सायकल टाकून धावले तर बाई रस्त्यात बसलेल्या, आणि पहिलं काम काय केलं असेल? आडव्या पडलेल्या सायकलीकडे हात लांबवून दिवा बंद केला. मग गुडघा बघितला. त्या दिवशी मी हसून हसून बेजार झाले होते.

आता आमच्या सोलापुरात चढ म्हणजे काय, तर उड्डाणपूल. डोंगर पाहिजे असला की उत्तरेला, बालाघाटाच्या अंगाला जावं लागतं. तिकडे मोठा रस्ता झाल्यापासून ट्रक, गाड्या सगळ्या त्या रुंद घाटाने जातात, आणि पलीकडचा जुना घाट ओस पडलाय. कडेला सीताफळीची झुडपं, कुठं कुठं कठडे ढासळलेले, दिवसभरात दोन-चार मोटारसायकली आणि मेंढरांचा एखादा कळप, एवढीच वर्दळ. आमच्यासारख्यांना याहून काय हवं? टेम्पोत सायकली घालून पहाटे माथ्यावर जायचं, उजाडता उजाडता घाट उतरायचा आणि सपाटीने घरी यायचं, असं ठरलं.

माथ्यावर उतरलो तर धुकं. साधंसुधं नाही, हात लांब केला तर हातमोजा अंधूक दिसेल असं. मी सरांना म्हटलं, थोडं थांबू या. सर म्हणाले की सूर्य वर आला की जाईल, पण आपण सावकाश उतरू, प्रत्येकाने पुढच्याशी भरपूर अंतर ठेवायचं, म्हणजे एकाने ब्रेक मारला तर दुसरा अंगावर जाणार नाही. ते स्वतः आधी उतरणार, खाली मोरीजवळ उभे राहून एकेकाचा हँडलवरचा पांढरा दिवा मोजणार, आणि सगळे आले की शेवटी स्वतः निघणार. खाली पोचलेल्याने मोरीवर गर्दी न करता सरळ पुढच्या गावातल्या चहाच्या टपरीवर जायचं. नेहमीची पद्धत हीच होती, आणि तोवर ती कधी चुकली नव्हती.

आत्या शेवटच्या. मी त्यांच्या मागे राहते म्हटलं तर त्या खवळल्या. पाठीला डोळं लावून आलीस तर मला सायकल चालवता येत न्हाय, तू जा फुडं, म्हणाल्या. सर निघाले, मग रत्नदीप, मग चैताली, मग मी. निघताना मागे बघितलं, तर उभ्या राहिलेल्या आत्यांचा हात सीटखाली गेलेला, दिवा बंद. मी जोरात म्हटलं, निघताना लावा बरं का! त्यांनी मला हाताने हाकललं.

उतार वाईट होता. परतीच्या पावसाने वळणावळणावर खडी वाहून आलेली, ब्रेक ओले, आणि कानात नुसती चाकाची सरसर. मोरीजवळ धुक्यात सरांचा हात हलताना दिसला, पुढे जा, मी आहे बाईंसाठी, असं ते म्हणाले. मी गेले.

टपरीवर रत्नदीप आणि चैतालीने भजी सांगितली होती. मी हात शेकत बसले. थोड्या वेळाने एक दूधवाला आला, जुनाट मोपेडला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकवलेल्या, आणि त्याच्या पाठोपाठ जोतिराम सर. सरांनी सायकल भिंतीला लावली, हेल्मेट काढलं आणि चहा मागितला.

मी विचारलं, आत्या कुठायत?

सर म्हणाले, माझ्या पुढंच तर होत्या. चार दिवे मोजले, चारही गेले, मग मी निघालो. बाई टॉयलेटला वगैरे गेल्या असतील.

मी टपरीच्या मागे जाऊन आले. रस्त्यावर पुढे जाऊन हाका मारल्या. परत आले तेव्हा माझी नजर त्या दूधवाल्याच्या मोपेडवर गेली. हँडलच्या मधोमध सुतळीने एक बॅटरी बांधलेली होती, पांढऱ्या उजेडाची, अजून चालू.

त्याचं नाव ज्ञानू. मी त्याला विचारलं की तू घाटातून आलास का, तो म्हणाला व्हय. मग गाडीचा आवाज कसा आला नाही सरांना? तर म्हणाला की उतारावर इंजिन कोण चालू ठेवतंय, सगळा घाट गाडी बंद करून उतरायची, पेट्रोल वाचतंय. इंजिन बंद म्हणजे गाडीचा दिवा पण बंद, म्हणून ही बॅटरी.

"मोरीपाशी ह्ये सायेब हुबं हुतं," तो सरांकडे बोट दाखवून म्हणाला. "हात करून जा जा म्हनलं. मला वाटलं, वळख असंल. आलो की मी."

सरांनी कप खाली ठेवला. धुक्यातून आवाज न करता एक पांढरा दिवा आला, आणि त्यांनी तो माझ्या सासूचा म्हणून मोजला. मला जे तोंडाला आलं ते मी बोलले. ग्रंथपाल माणसाला चार मोजता येत नाहीत का, असंही बोलले. ते हेल्मेट परत डोक्यावर घालायला लागले.

ज्ञानूला विचारलं, वाटेत बाई दिसली का? त्याने मान हलवली. काहीच दिसलं नव्हतं त्याला. म्हणजे सायकल रस्त्यावर नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रविवार, चहाची वेळ, अजिनाथ. आई कुठाय म्हणाला.

"मागं आहेत," मी म्हटलं. "येतायत."

एवढंच बोलले आणि फोन ठेवला. दोन दिवसांपूर्वीच आत्या पोरासाठी शेंगाची चटणी कुटत बसल्या होत्या, अजिनाथ घरी आला की जाताना घेऊन जाईल म्हणून, आणि मी त्यांना मिक्सर का लावत नाही म्हणून बोलले होते. नको त्या वेळी नको ते आठवत होतं.

चैतालीला टपरीवर ठेवलं, कारण फोनची रेंज तिथंच होती, घाटात नावाला नाही. अॅम्ब्युलन्सला फोन कर, गावातली माणसं गोळा कर, असं तिला सांगितलं. ज्ञानूने न सांगता किटल्या उतरवल्या, त्यांचा दोर खांद्यावर टाकला आणि मला मागे बसवलं. सर आणि रत्नदीप सायकलवर. चढाला मोपेड आमच्या दोघांच्या वजनाने धापा टाकत होती, वळणावर मी उतरून ढकलत होते. सर मागून उभं राहून पेडल मारत येत होते. त्यांचं वय बघता मला त्यांची दया यायला हवी होती, पण मला कुणाचीच दया येत नव्हती.

धुकं विरळ व्हायला लागलं होतं. मोरी मागे पडल्यावर प्रत्येक वळणावर थांबायचं, कडेला जायचं, खाली बघायचं, हाका मारायच्या, असं सुरू झालं. आत्या! बाळाबाई! खालून नुसता होल्यांच्या घुमण्याचा आवाज. सर धापा टाकत म्हणाले की आपल्याला एक आधार आहे, त्यांचा मागचा दिवा. अंधूक आहे तोवर तो लुकलुकताना दिसेल. ऊन पडलं की दिसणार नाही, तेव्हा आधी दिवा शोधा. रत्नदीपला ते पटलं, ज्ञानूलाही पटलं. तिघं खाली वाकून लाल उजेड शोधायला लागले.

मी मात्र कडेला उभी राहून देवाला म्हणत होते की तो दिवा दिसू देऊ नकोस.

कारण मला माहीत होतं. सायकल थांबली आणि आत्यांना शुद्ध असली, तर तो दिवा चालू राहणं शक्य नाही. पाय मोडला असला तरी, डोकं फुटलं असलं तरी, त्यांचा हात आधी मागे जाणार. खाली सगळा अंधार असला तर त्या कुठंतरी बसलेल्या असतील, कण्हत असतील, मला शिव्या देत असतील. खाली दिवा लुकलुकत असला तर तो बंद करणारं कुणी नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक वळण गेलं, काही नाही. दुसरं गेलं. मला बरं वाटायला लागलं होतं, खरं सांगते. तिसऱ्या वळणावर कठडा पडलेला होता, आणि खडीतून चाकाची एक बारीक रेघ सरळ कडेपर्यंत गेलेली. ती रेघ वळणाबरोबर वळलेली दिसत नव्हती. ज्ञानूने खाली वाकून बघितलं आणि तो ओरडला, दिसला, दिसला दिवा!

मी बघितलं. खूप खाली, ओढ्याच्या बाजूला, झुडपांत. लाल. लागायचा, विझायचा, लागायचा.

सर आनंदाने बोलत होते की सापडल्या, सापडल्या. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. मी त्यांना सांगितलं, तो दिवा आत्या चालू ठेवत नाहीत. त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले की हात पोचत नसेल, सायकल लांब पडली असेल, असंही होऊ शकतं की. त्यांचा आवाज असा येत होता की त्यांना स्वतःलाच ते पटवायचं होतं. मी जीव खाऊन हाक मारली. दोनदा, तीनदा. खालून काही नाही. दिवा आपला लुकलुकतोय, घड्याळासारखा, कुणाचं काही देणंघेणं नसल्यागत.

ज्ञानूने दोर एका झाडाला बांधला. तो उतरायच्या आत मी दोर धरून उतरायला लागले होते. सायकलचे बूट, तळाला कडक, दगडावर टिकेनात, ते मी काढून फेकले. सीताफळीच्या फांद्या धरत, घसरत, काट्यांनी ओरबाडून घेत मी खाली जात होते, आणि नजर त्या लाल ठिपक्यावर. बघायचं नव्हतं आणि नजर हलत नव्हती. अजिनाथला काय सांगू? मागं आहेत म्हणाले मी त्याला. येतायत म्हणाले. माझ्या जुन्या सायकलवर मीच बसवलं त्यांना. घरात बसून गुडघे आखडले असते तर काय झालं असतं? आखडले असते, बास. दोर संपला. त्यापुढं मी बसून, दगड धरून सरकायला लागले.

निम्म्याच्या वर उतरले असेन. लाल लागला, विझला. लागला, विझला.

आणि मग लागलाच नाही.

मी थांबले. श्वास धरला. नाही. जिथं ठिपका होता तिथं काळी झुडपं, बाकी काही नाही. वरून सरांचा आवाज आला, फाटलेला. बॅटरी संपली सोनाली, जागा लक्षात ठेव, जागा लक्षात ठेव!

बॅटरी? तो दिवा आदल्या दिवशी मी स्वतः चार्जिंगला लावला होता. आत्या लावत नाहीत म्हणून मीच लावते, दर शनिवारी. तो दुपारपर्यंत चालला असता.

मी तिथंच बसकण मारली आणि मोठ्याने रडायला लागले, आणि रडता रडता हसत होते. वरच्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. रत्नदीप काय झालं, काय झालं म्हणून ओरडत होता. शेवटी मी ओरडले.

"बंद केला! आत्यांनी दिवा बंद केला!"

त्यापुढचं मी कशी उतरले ते मला विचारू नका. ओढ्याच्या काठाला, झुडपांत अडकलेली सायकल, आणि तिच्या खाली आत्या. हेल्मेटला मधोमध भेग. चेहऱ्याची एक बाजू रक्ताने माखलेली, डावा पाय कसातरीच वळलेला. डोळे अर्धवट उघडे. उजवा हात मात्र सीटखाली, त्या बटणावर, तसाच.

मी त्यांच्या तोंडावरचे केस बाजूला केले. आत्या, आत्या म्हणत राहिले. त्यांनी बऱ्याच वेळाने माझ्याकडे नजर वळवली. मी कोण हे कळायलाही त्यांना जरा वेळ लागला असावा. मग ओठ हलले, मी कान जवळ नेला.

"उजाडलं की गं," त्या म्हणाल्या. "कशाला जाळायचा?"

मी त्यांना सांगितलं की हलू नका, वरून माणसं येतायत, अॅम्ब्युलन्स येतेय. पाय, बरगड्या, सगळं नीट होईल, असंही म्हणाले, मला काय माहीत होतं कुणास ठाऊक. वरून सर विचारत होते की नेमकं कुठं आहात, झाडीत काही दिसत नाही. गावातली माणसं आली होती बहुतेक, खूप आवाज यायला लागले होते. मी हात लांब करून दिवा परत चालू केला, त्यांना जागा दिसावी म्हणून. लाल लुकलुकायला लागला, आणि वरून कुणीतरी दिसलं, दिसलं म्हणून ओरडलं.

आत्यांनी डोळे मिटलेले होते. मी त्यांचा हात हातात घेतला तर तो थंडगार. मी बोलत राहिले, अजिनाथ येतोय म्हणाले, शेंगाची चटणी तुम्हीच द्या त्याला म्हणाले. त्यांचा हात माझ्या हातातून हळूच सुटला आणि मागे गेला. सीटखाली चाचपडला. बटण सापडलं.

दिवा बंद झाला. वरची माणसं ओरडायला लागली, दिवा गेला, दिवा गेला म्हणून. मी त्यांना हाका मारून जागा सांगितली, घसा बसेपर्यंत. दिवा मी परत लावला नाही.